तीन आळ्यांत वाटलेलं ध्यान

वडवणीजवळच्या एका गावात बंकटराव दूध संस्थेचे सचिव होते. दुष्काळानं दूध आटलं, जनावरं चारा छावणीत गेली, तरी ते रोज दहाला कुलूप उघडून बसत. काम उरलं नव्हतं. पद्धत शाबूत होती. म्हणून बुद्धविहारासाठी पुस्तकं निवडायचं काम वस्तीनं त्यांच्याच गळ्यात घातलं.

मागणी मधल्या आळीतल्या सारजाबाईची. नवरा गेल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. "बंकटभाऊ, वर्षावासात पावसाळाभर विहारात ग्रंथ लई ऐकले. औंदा मला ध्यानाला बसायला शिकायचंय. अक्षर तेवढं मोठं बघा."

बंकटरावांनी वस्तीतल्या वरच्या, मधल्या, खालच्या अशा तिन्ही आळ्यांतून एकेक सभासद घेऊन समिती नेमली. बीडच्या दुकानात एकानं पुस्तकांची जाडी पाहिली, दुसऱ्यानं पुठ्ठा वाकवून पाहिला. वरच्या आळीच्या आप्पारावांनी विचारलं, "प्रस्तावना कुणाची हाय? विरोधी गटाची न्हाई ना?" बंकटरावांनी मात्र पुस्तक हातभर लांब धरून अक्षर पाहिलं आणि एका भन्तेंनी, म्हणजे बौद्ध भिक्खूंनी, सोप्या मराठीत लिहिलेला ध्यानाचा तीन भागांचा संच निवडला. इथवर सगळं ठीक झालं.

मग वाटपाचा प्रश्न आला. आप्पाराव कडाडले, "विहार मधल्या आळीत. पुस्तकं तिथंच ठिवली तर आमी काय कपाट बघत बसायचं? टँकरचं पाणी सारखं वाटता, मंग हे कावून न्हाई?"

मुद्दा बिनतोड होता. प्रत्येक आळीला एक भाग, असा ठराव एकमतानं मंजूर झाला.

मधल्या आळीला पहिला भाग मिळाला: बसावं कसं. तिथले लोक ताठ बसत आणि पुढं काय करायचं हे न कळून तसेच उठत. श्वासाचा दुसरा भाग वरच्या आळीत गेला. तिथं तो आप्पारावांच्या पेटीत सुरक्षित होता. खालच्या आळीला मैत्रीभावनेचा तिसरा भाग आला. ती आळी रोज सकल प्राणिमात्रांचं कल्याण चिंती, उरलेल्या दोन आळ्या वगळून.

आठव्या दिवशी सारजाबाई संस्थेत आली. "भाऊ, बसून बसून पाठ धरली. आता फुडं काय?"

"पुढचं वरच्या आळीत आहे."

"मंग आणा की."

"त्याला ठराव लागतो, बाई."

"ठरावानं झोप येती का वो?"

बंकटरावांनी कुलूप लावलं, भर अकरा वाजता. दोघं आप्पारावांच्या दारात गेले.

"न्यायचं असंल तर सभा बोलवा," आप्पाराव म्हणाले.

सभेला सात दिवसांची सूचना लागते, हे बंकटरावांच्या अगदी ओठावर आलं. पण सारजाबाई ओट्यावर मांडी घालून, डोळे मिटून बसलीसुद्धा होती.

"नेत नाही," ते म्हणाले. "इथंच वाचतो."

याला नियमात हरकत सापडेना. आप्पारावांनी पुस्तक काढलं आणि पानं जास्त उलटली जाऊ नयेत म्हणून शेजारीच ठाण मांडलं. बंकटराव सावकाश वाचू लागले. श्वास आत येतोय, येऊ द्यावा. बाहेर जातोय, जाऊ द्यावा. पाचव्या पानावर सारजाबाईची मान कलली. कितीतरी महिन्यांनी तिला झोप लागली होती.

"हे ध्यान न्हाई," आप्पाराव हळूच म्हणाले.

"नसू द्या."

आप्पारावांनी पुस्तक मिटलं. "उद्या सकाळीच या. दुपारी टँकर येतो, लई कालवा असतो."