हाक न मारता आलेलं उत्तर

मिलिंद गेल्याचं सगळ्यांना मीच कळवलं. मुळशी धरणाच्या काठावर, ओल्या अंगावर टॉवेल गुंडाळून एकेकाला फोन लावत होतो आणि प्रत्येकाला तेच सांगत होतो, "मी हाक मारली, त्याने 'आहे' म्हटलं, म्हणून मी पुढे गेलो." त्याच्या बायकोला, अर्चनावहिनींनाही तेच सांगितलं. नंतर भेटायला येणाऱ्यांना त्या माझेच शब्द ऐकवायच्या... शेवटपर्यंत बरा होता हो, भाऊजींना ओ दिली त्याने. तेवढ्यावर त्यांनी स्वतःला सावरलं होतं. त्यातलं अर्धं खोटं आहे.

मिलिंद यवतमाळचा, मी लातूरचा. माण गावात एकाच इमारतीत भाड्याने राहणारे, एकाच आयटी कंपनीत खुर्च्या झिजवणारे. चाळिशी उलटल्यावर पोट आवरायचं म्हणून ट्रायथलॉनचं खूळ त्यानेच आणलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये विश्रांती नाही. पहिल्या स्पर्धेत तो जवळजवळ शेवटी आला आणि पहिला आल्यासारखा हसत राहिला. मी बराच आधी पोचून वेळ न्याहाळत बसलो होतो. "काय बे, मिनिटं वाचवली म्हणे," तो धापा टाकत म्हणाला, "आता त्यांचं लोणचं घाल."

रविवारी उजाडताना आम्ही धरणाकाठी आबांच्या शेताजवळ गाडी लावायचो. आबा तिथलेच, जुने शेतकरी. "स्पर्धेला पैसं भरता व्हय?" त्यांनी एकदा विचारलं. भरतो म्हटल्यावर म्हणाले, "पैसं भरून दमायचं... आमच्या लावणीला या की, फुकाट दमवतो." मिलिंद खरंच भात लावायला गेला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला वाकता येईना. याच आबांनी बजावलं होतं, "पान्यात नाव घिऊन हाक मारू नगा. खाली जुनं गाव हाय. कोन ओ दील सांगता येत न्हाई." मी हसलो, मिलिंदने मात्र ते मनावर घेतलं. म्हणून आमची हाक बिननावाची ठरली. उघड्या पाण्यात दिशा बघायला मधूनमधून डोकं वर काढावंच लागतं. तेव्हा पुढच्याने विचारायचं, "आहे का?" मागच्याने म्हणायचं, "आहे." उत्तर आलं नाही तर मागे फिरायचं. पुढे नेहमी मीच असायचो.

त्या रविवारी पाण्यावर दाट धुकं होतं. स्पर्धा जवळ आली होती. हाक मारायची म्हणजे लय तुटते, श्वास वाया जातो. मी हाक मारलीच नाही. आणि तरीही, मधल्या पाण्यात डोकं वर काढलं तेव्हा ऐकू आलं, "आहे." त्याचाच आवाज, हातभर अंतरावरून. पण तो माझ्या मागे होता... आणि आवाज पुढून आला, जिथे पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. काहीतरी चुकतंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण उत्तर तर मिळालं होतं ना? मी जोर लावला. काठाला लागल्यावर आधी मनगटावरचं घड्याळ थांबवलं, मग मागे पाहिलं. धुकं विरळ होत होतं. पोहणारा लांबून दिसावा म्हणून कमरेला बांधतात तो त्याचा नारिंगी फुगा फार मागे, एका जागी उभा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पाण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात. म्हणजे मी ते उत्तर ऐकलं त्याच्या आधीच.

ही हकीकत छापायला देण्याआधी वहिनींना सांगणं भाग होतं. गेल्या आठवड्यात गेलो. त्या घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. मी सांगितलं तसे त्यांचे हात थांबले.

"म्हणजे तुम्ही विचारलंच नाही."

"नाही. तरी त्याचं 'आहे' ऐकू आलं."

त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. "घरातही तो असंच करायला लागला होता, भाऊजी. आंघोळीला गेला की मध्येच आतून ओरडायचा, आहे. मी चिडायचे, कोण विचारतंय तुला?" मग शेंगांकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्ही विचारणं आधीच सोडलं असणार. म्हणून तो आपणहून सांगायचा."

कित्येक रविवार मी विचारलं नव्हतं, हे तर मी त्यांना सांगायचंच टाळलं होतं.

"तेही लिहा," त्या म्हणाल्या.

लिहिलं. स्पर्धा सोडली, पण रविवारी मी अजून त्या पाण्यात उतरतो. आता घड्याळ बांधत नाही. मधल्या पाण्यात थांबतो, डोकं वर काढतो आणि नीट, मोठ्याने विचारतो, "आहे का?"... आणि उत्तर यायच्या आत कान पाण्याखाली घालतो.