बायोमेडिकलचा खराखुरा इतिहास

तपासणी समिती येणार म्हणून विभागप्रमुख सरांनी मला बोलावलं. "मॅडम, बोर्डवर लावायला विभागाचा इतिहास आणि ध्येय लिहून द्या. जरा भारदस्त येऊ द्या."

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या बायोमेडिकल विभागात नवीन लेक्चरर. भारदस्त मजकूर लिहिलाच, पण जोडीला एक खरा मजकूरही लिहिला. 'हा विभाग इलेक्ट्रॉनिक्सच्या अडगळीच्या खोलीत सुरू झाला. पहिलं ईसीजी मशीन पंचवटीतल्या एका डॉक्टरांनी भेट दिलं, कारण त्यावर धडधाकट माणूसही मरायला टेकलेला दिसे. आमचं ध्येय: मशीनने माणसाला घाबरवू नये.'

सर न वाचताच सही करतात, हे मला ठाऊक होतं. मी खऱ्या मजकुराचाच कागद पुढे केला. सही झाली, पेंटरने सुबक अक्षरांत बोर्ड रंगवला.

समितीतल्या बाईंनी बोर्ड मोठ्याने वाचला. सर तो पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंतीवरची पाल बघू लागले.

"ते मशीन अजून आहे?" बाईंनी विचारलं. "दाखवा की."

सर स्वतःच टेबलावर आडवे झाले. मी तारा लावल्या. कागदावर रेघ असा थयथयाट करू लागली, की बाईंचा चेहरा उतरला.

"सर, घाबरू नका," मी म्हणाले.

"मी घाबरलेलो नाही!" सर ओरडले. रेघ आणखीच उधळली.

दारात आमच्या सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या. "सायेब, पंखा बंद करा. त्यो चालू आसला की हे मशीन लय नाचतं."

मी बटण दाबलं. पंखा थांबला आणि सरांचं हृदय कागदावर शहाण्यासारखं चालू लागलं. बाई खळखळून हसल्या. "तुम्हाला कसं कळलं हो?"

"रोज झाडते न्हवं हितं. पोरं वैतागत्यात, मी बघते."

समिती गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये अर्धा तास झापलं. शेवटी म्हणाले, "बोर्ड राहू द्या. 'मरायला टेकलेला' तेवढं पुसा."

पुढच्या सत्रात पहिल्या प्रात्यक्षिकाला सरांनी मावशींनाच बोलावलं. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. मुलं पेन सरसावून बसली.

"आधी पेशंटला पाणी इचारा," मावशी म्हणाल्या, "मग वायरी लावा."

सगळ्यांनी ते मुकाट लिहून घेतलं. मीसुद्धा.