पहिली ओंजळ

आमच्या गवंडी आबांइतका पाण्याचा चोखंदळ माणूस अख्ख्या मावळात झाला नाही, आणि माझ्याइतका नालायक कारकून लोणावळ्याच्या नगरपालिकेच्या कचेरीत झाला नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो. आबा आंदर मावळातले. कामाला डोंगर उतरून चालत यायचे, आणि खांद्याला गावच्या विहिरीच्या पाण्याने भरलेला तुंबा. आमच्या नळाचं पाणी म्हणे लोखंड चाटल्यासारखं लागतं. घोटभर पाणी जिभेवर घोळवून ते वलवणचं की कामशेतचं हे ते सांगत. एकदा आमच्या घरी चहा प्यायले आणि माठ दोन दिवस घासलेला नाही, असं माझ्या बायकोच्या तोंडावर बोलले. ती आठवडाभर धुमसत होती, पण माठ रोज घासू लागली.

कामातही तोच छळ. चुना बोटांनी चोळून पाहिल्याशिवाय लावायचे नाहीत. हातात ओळंबा असूनही एक डोळा मिटून भिंतीकडे इतका वेळ बघत बसायचे, की म्हातारा झोपला की काय असं वाटावं. पण त्यांच्या हौदातून थेंब गळेल तर शपथ! आणि त्यांचा एक नेम होता, बापापासून चालत आलेला. हौद पुरा झाला की पहिली ओंजळ बांधणाऱ्याने प्यायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. ती ओंजळ सांडायची नाही, थुंकायची नाही.

त्या उन्हाळ्यात टांगेवाले, धोबी आणि बंगल्यांचे कंत्राटदार यांनी मिळून गावचे पिण्याचे नळ कोरडे पाडले. बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत ठाण मांडून बसल्या. म्हणून ठरलं, की जुन्या दगडखाणीतलं पाणी आणून धंदेवाल्यांसाठी वेगळा हौद बांधायचा. आबांना बोलावलं. हे पाणी प्यायचं नाही असं कळताच त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. "जे पानी मला पिता येत न्हाई, ते मी बांदत न्हाई. दुसरा बगा." दुसरा होता कुठे? अध्यक्षांनी मला दम भरला. मी आबांच्या मागे धावलो आणि खुशाल ठोकून दिलं, की बेत बदललाय, आता नळाचंच चांगलं पाणी येणार. म्हातारा लगेच परत फिरला. माझ्यावर विश्वास होता ना त्याचा!

आबांनी जीव ओतून हौद बांधला. दर्शनी दगडावर अक्षरं कोरायची होती. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून खडूने मी लिहिलं आणि छिन्नीने त्यांनी कोरलं. काय लिहिलंय असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, 'पाणी जपून वापरा.' आबा खूश झाले. चार दिवस उन्हात खपून त्यांनी मोत्यासारखी अक्षरं कोरली: 'हे पाणी पिण्याचे नाही.'

उद्घाटनाला आबा धुतलेला पटका बांधून आले. तोटी सोडली आणि ते ओंजळ धरून पुढे वाकले. "आबा, थांबा," एवढंच म्हणायचं होतं मला. पण अध्यक्ष शेजारी उभे होते. पाणी तोंडात गेलं तसे आबा थबकले. त्या जिभेला काय कळायचं ते कळलं होतं. तरी त्यांनी ते गिळलं. मागून एक कंत्राटदार म्हणाला, "म्हाताऱ्यानं स्वतः कोरलंय की, पिऊ नका म्हणून!" सगळे हसले. मीही हसलो. आज इतकी वर्षं झाली, ते माझं हसू मला विसरता येत नाही.

आबांनी मिशा पुसल्या आणि फक्त माझ्याकडे बघितलं. "माज्याच हातानं लिवून घेतलंस व्हय," म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले. पुन्हा लोणावळ्यात कामाला आले नाहीत.

पावसाळा सरल्यावर मी लाज गुंडाळून त्यांच्या गावी गेलो. माफी कशी मागायची याची वाटभर उजळणी केली होती, पण त्यांना विहिरीवर बघितलं आणि सगळं विसरलो.  आबांनी पोहरा ओढला, एक ओंजळ स्वतः प्यायले, आणि दुसरी माझ्या हातात ओतली. "पी," म्हणाले. "हितं कायबी लिवलेलं न्हाई."

मी प्यायलो. पाणी गोड होतं, एवढं मलासुद्धा कळलं.

आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो हौद अजून गळत नाही. टांग्याची घोडी तिथे पाणी पितात, आणि मी कचेरीला जाताना मागच्या गल्लीने जातो.