चिरलेली भाकरी

सहाव्या महिन्यातल्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरातलं प्रत्येक माणूस डॉक्टर झालं. खरी डॉक्टर तळेगावला होती. तिने नीट समजावलं होतं: गरोदरपणात होणारा हा मधुमेह बहुतेक वेळा बाळंतपणानंतर जातो, पण तोवर साखर आटोक्यात राहिली नाही तर बाळ पोटात प्रमाणाबाहेर वाढतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरू शकते. वजन जास्त असलं की याचा धोका वाढतो, हेही तिने साध्या आवाजात सांगितलं. घरी पोचेपर्यंत या सगळ्यातलं फक्त वजन उरलं.

मी जाड आहे. लग्नाच्या वेळीही होते, फोटो आहेत. दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा ‘दोन जिवांची आहेस’ म्हणत याच लोकांनी माझ्या वरणावर तुपाची धार धरली होती. आता तीच माणसं माझा घास हातातून तोंडात जाईपर्यंत डोळ्यांनी त्याची सोबत करायची.

त्यात माझं माहेर लोणावळ्यातल्या तुंगार्लीचं आणि नोकरी खंडाळ्याच्या एका हॉटेलात, रिसेप्शनवर. कामशेतजवळच्या माझ्या सासरी याचा एकच अर्थ निघाला: ही चिक्कीवर पोसलेली पोर. लोणावळ्याचा माणूस चिक्की खात नाही, पाहुण्यांच्या गळ्यात मारतो, हे मी सांगून थकले.

डॉक्टरने भात बंद करून ज्वारीची भाकरी, भाजी, उसळ, काकडी असं ताट आखून दिलं. ज्या घराच्या खाचरांत इंद्रायणी तांदूळ पिकतो तिथे सुनेचा भात बंद करणं म्हणजे घराण्याचा अपमानच. पण सासूबाईंनी तो गिळला आणि माझी भाकरी स्वतःच्या हातात घेतली. कामशेतच्या बाजारातून ज्वारी आणवली, दळून घेतली. मी माहेरी पोळ्यांवर वाढलेली, मला भाकरीतलं काय कळतंय? ताटात पांढरीशुभ्र, मऊ, टम्म फुगलेली भाकरी यायची आणि मी मनापासून कौतुक करून खायची. मग अंगणात फेऱ्या मारायची, मग बोटाला सुई टोचून यंत्रात थेंब द्यायची. आकडा वरच.

भाजी वाढवली, फेऱ्या वाढवल्या. आकडा वरच. तेव्हा घराने निकाल दिला की मी चोरून खाते. नवरा तळेगावच्या एका कारखान्यात मालाचा दर्जा तपासतो, त्यामुळे माझ्या पर्सची झडती अगदी पद्धतशीर व्हायची. आधी बाहेरचा कप्पा, मग आतला, शेवटी पर्स नाकाशी. गुळाचा वास येतोय का ते बघायचा. प्रेमापोटी करतो, असं त्याचं म्हणणं होतं.

पुढच्या भेटीपर्यंत आकडे उतरले नाहीत तर इन्सुलिन सुरू करू, असं डॉक्टर म्हणाली. सुईची मला भीती नव्हती. मला भीती बाळाची होती. आणि खरं सांगायचं तर याचीही होती, की इन्सुलिन सुरू झालं की माझ्या चोरीवर शिक्का बसेल आणि बाळाला काही झालं तर जन्मभर ते माझ्या तोंडावर फेकलं जाईल. सगळं पाळूनही असं का होतंय, हे मला कळत नव्हतं. बाथरूमचा नळ सोडून मी रडायची.

याच दिवसांत डोहाळजेवण आलं. नको म्हटलं, कुणी ऐकलं नाही. साखर वाढलेल्या बाईला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून मधोमध बसवायचं, तिच्यापुढे करंज्या, लाडू, बर्फी, पेढे मांडायचे आणि तिने त्यांना हात लावू नये म्हणून गावभरच्या बायकांनी पहारा द्यायचा, असा तो सोहळा. माझ्यासाठी वेगळं ताट होतं. शेजारी बसलेल्या चुलत सासूबाईंनी त्यातला भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि ज्वारीची एवढी मऊ कशी, असं विचारलं.

सासूबाईंचा चेहरा खुलला. “नुसती ज्वारी थापाया गेलं की चिरती. आपला हात तांदळाच्या भाकरीचा. मी निम्मं आपल्या इंद्रायणीचं पीठ घालते, उकड काढून.”

माझा घास हातातच राहिला. “आई, कधीपासून?”

“पयल्या दिसापासनं. सुनेला चिरलेली भाकरी वाढू व्हय? भात तर बंदच केलाय ना तुझा.”

बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी भात म्हणजे पातेल्यातला, शिजवलेला. पिठाबद्दल डॉक्टर काही बोलली नव्हती. मला भयंकर राग आला. नवरा समोर फोटो काढत होता. त्याला मी भरल्या घरात म्हणाले, “माझी पर्स हुंगत बसलास, त्यापेक्षा आईची परात बघायची होतीस.”

“मी काय इख घातलं व्हय?” एवढं बोलून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, त्या बायका जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताटात आलेली भाकरी उन्हाळ्यातल्या खाचरासारखी भेगाळलेली होती. कडा तुटलेल्या, मधे भोक. वाढताना त्यांनी मान फिरवली. मी ती सगळी खाल्ली. मग फेऱ्या मारल्या, सुई टोचली आणि यंत्र नवऱ्यापुढे ठेवलं. आकडा पहिल्यांदाच हद्दीत होता. त्याने तो मोठ्याने वाचला आणि मग त्याला अचानक गाडी धुवायची आठवण झाली.

उपाशीपोटीची साखर मात्र हटली नाही आणि डॉक्टरने रात्रीचं थोडं इन्सुलिन दिलंच. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे हे होतं, यात तुमचं काही चुकलेलं नाही, असं ती मला म्हणाली. सोबत आलेल्या सासूबाईंनी विचारलं, मग चुकलं कुणाचं? कुणाचंच नाही, डॉक्टर म्हणाली. आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाला आजवर हे उत्तर मिळालेलं नव्हतं.

मुलगी झाली. वजन बेताचं, साखर ठीक. घरी आल्यावर चुलत सासूबाई बघायला आल्या, दुपटं उघडून त्यांनी तोंड वाकडं केलं. “पोर बारीक हाय. आयनं काय खाल्लंच न्हाई वाटतं.”

चोरून खाणारी ती मी आणि न खाणारीही मीच. मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई बोलल्या.

“खाल्लं. रोज माझ्या हातची चिरलेली भाकरी खाल्ली तिनं. तुला वाढली असती, तर ताट सोडून उठली असतीस.”

घरात मला मिळालेली माफी ती एवढीच. मी ती घेतली आणि लेकीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं.