काहीच न होण्याचा कार्यक्रम

तारवाल्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथेही कोणीतरी पेन्सिलने ‘तारवाले’ असं लिहून ठेवलं होतं. बावीस वर्षं ते इस्पितळाच्या तळघरातल्या एका थंडगार खोलीत काम करत होते. फोन, एक्स-रेची चित्रं, वॉर्डातल्या मॉनिटरचे इशारे, सगळं ज्या कपाटाएवढ्या यंत्रातून जायचं, तो मुख्य स्विच त्यांच्या ताब्यात होता. खोकला आला तरी ते आधी स्विचकडे पाठ करायचे.

काही बिघडलं तरच लोकांना त्यांची आठवण यायची. बिघडायचं फार कमी, त्यामुळे ते नेमकं करतात काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी तर लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं होतं, जावईबापूंना नोकरी आहे ना नक्की?

त्या वर्षी स्विचचं सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली. मागच्या खेपेला सगळं अकरा मिनिटं बंद ठेवावं लागलं होतं आणि परिचारिका चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होत्या. या वेळी एक मिनिटही बंद ठेवायचं नाही, असं तारवाल्यांनी मनाशी ठरवलं. स्विचमध्ये दोन कार्डं होती. एक राबायचं, दुसरं नुसतं तयारीत बसायचं. आधी बसलेल्यावर नवं सॉफ्टवेअर चढवायचं, मग सगळं काम अलगद त्याच्याकडे सोपवायचं आणि मोकळं झालेल्या पहिल्या कार्डावरही तेच चढवायचं. भंगारात निघालेल्या एका जुन्या स्विचवर त्यांनी तीन महिने तालीम केली.

रविवारच्या पहाटेची परवानगी मागायला ते अधीक्षकबाईंकडे गेले. बाईंनी अर्ज दोनदा वाचला. काहीच बंद पडणार नसेल तर पहाटे कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. मंगळवारी अकराला विश्वस्त येणारच आहेत, तेव्हा त्यांच्यासमोरच होऊ द्या.

मंगळवारी तळघरात सात खुर्च्या लागल्या. खोली चार जणांची, माणसं शिरली अकरा, शिवाय छायाचित्रकार. एवढ्या माणसांच्या उबेने खोलीचं तापमान वाढलं आणि भिंतीवरची धोक्याची घंटा वाजली. विश्वस्तांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तारवाल्यांनी घंटा बंद केली, चार जणांना हात जोडून बाहेर काढलं आणि काम सुरू केलं. दुसरं कार्ड नव्या सॉफ्टवेअरसह उठायला चौदा मिनिटं लागली. तेवढा वेळ सगळे एका पिवळ्या दिव्याकडे बघत होते. शेजारच्या पडद्यावर दर सेकंदाला क्रमाने एक आकडा उमटत होता. मधला एक जरी गळला तरी काम तुटलं असं समजायचं. दिवा हिरवा झाला. तारवाल्यांनी बटण दाबलं.

आकडे पुढे चालू राहिले.

“झालं,” ते म्हणाले.

“काय झालं?” थोरल्या विश्वस्तांनी विचारलं.

“काही नाही झालं, साहेब.”

खोलीत चुळबुळ झाली. छायाचित्रकाराने फोटो कशाचा काढू म्हणून विचारलं. अधीक्षकबाईंचा चेहरा उतरला. त्या तारवाल्यांच्या कानाशी लागल्या.

“एकदा जरा बंद करून दाखवा. म्हणजे चालू राहिलंय ते कळेल त्यांना.”

तारवाले बावीस वर्षं ‘हो बाई’ म्हणत आले होते. आताही ‘हो’ ओठांवर आलंच होतं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि शांतपणे म्हणाले, “बाई, कुठला वॉर्ड आधी बंद करू, तेवढं सहीनिशी लिहून द्या.”

बाई परत खुर्चीवर जाऊन बसल्या. तारवाल्यांनी पहिल्या कार्डावरही नवं सॉफ्टवेअर चढवून घेतलं. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

वर जाताना विश्वस्त लिफ्टमध्ये अडकले. लिफ्टवाल्याने पहारीने दार उचकटून सहा मिनिटांत एकेकाला ओढून बाहेर काढलं. त्याचा सदरा फाटला, हाताला खरचटलं. थोरल्या विश्वस्तांनी त्याला मिठी मारली. इस्पितळाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर फोटो आला तो त्याचाच. तारवाल्यांना आलं एक पत्र: मंगळवारी आपण केलेल्या कामाचा कोणताही परिणाम आढळला नाही, तरी तीन दिवसांत खुलासा करावा. त्यांनी खुलाशात लिहिलं, ‘मजकूर बरोबर आहे.’

त्या मंगळवारी रात्री घरी जेवताना त्यांनी बायकोला विचारलं होतं. ती त्याच इस्पितळात रक्ततपासणी विभागात नोकरीला होती. साडेअकराच्या सुमाराला काय करत होतीस?

“वॉर्डातल्या नर्सला फोनवर एका बाळाचे आकडे सांगत होते. लांबलचक यादी होती. का हो?”

“मध्ये काही खरखर? तुटलं वगैरे?”

“नाही बुवा. आणखी भात वाढू?”

तारवाल्यांनी ताट पुढे केलं. एरवी ते रात्री भात खात नसत.

जुन्या इमारतीतला दुसरा स्विच अजून राहिलाच होता. त्याच्या अर्जात त्यांनी कामाचं स्वरूप ‘किरकोळ देखभाल’ असं लिहिलं. अधीक्षकबाईंनी न वाचताच सही केली आणि खुर्च्या कोणीच मागवल्या नाहीत.