हळदीकुंकवातलं बीपी

आम्ही एका मुलीला नर्स केलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले आहे. सांगताना मधलं हळदीकुंकू तेवढं वगळते. ते वगळलं की मी फार चांगली बाई वाटते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला द्वारका चौकाच्या पुढे नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका कॉलनीत आमची दहा जणींची भिशी होती. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, साबुदाणेवडे खायचे आणि जी आली नसेल तिच्याबद्दल बोलायचं. अशाच एका दुपारी मला वाटलं, आपण समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे. हे वाटलं तेव्हा माझ्या हातात तिसरा वडा होता. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की भिशीबरोबर प्रत्येकीने थोडे जास्त काढायचे आणि एका होतकरू मुलीचं नर्सिंगचं शिक्षण पुरं करायचं. कोणी नाही म्हणालं नाही. कॉलनीत तेव्हा फोन फक्त माझ्याकडे होता, आणि सगळ्यांचे निरोप तिथेच यायचे.

मुलगी शोधावी लागली नाही. सायखेड्याचा एक शेतकरी पहाटेच बाजारात फुलं घालून मग आमच्या कॉलनीत दारोदार पूजेच्या फुलांची पुडी टाकायचा. त्याच्या थोरल्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि फीपाशी अडलं होतं. मी त्याला दारात थांबवून म्हटलं, "फीची काळजी आता आमची." त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "ताई, तिला लय हौस हाय शिकायची." एवढंच.

त्या दिवसापासून ती 'आमची मुलगी' झाली. भाजीवाल्याला, बँकेतल्या कॅशियरला, दात काढणाऱ्या डॉक्टरलासुद्धा तोंड उघडं असताना मी आमच्या मुलीबद्दल सांगितलं. आमचे हे एकदा म्हणाले, "पैसे दहा जणींचे, मग मुलगी तुझ्या एकटीची कशी?"  महिन्यातून एका रविवारी तिने होस्टेलमधून माझ्याकडे यायचं आणि प्रगती सांगायची, असा नियमही मीच केला. ती यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, आणि मी तिला पोहे आणि सेवाभावावर भाषण देत असे. सासूबाई आजारी होत्या तेव्हा औषधाची बाटली आधी हलवायची असते हे माझ्या कधी लक्षात राहिलं नव्हतं. पण भाषणाला त्याची अडचण झाली नाही.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. वाण म्हणून मी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. पण गाळणी सगळेच वाटतात. मी ठरवलं, आपली मुलगी बायकांसमोर आणायची आणि तिच्याकडून सगळ्यांचं बीपी मोजून घ्यायचं. बीपीचं मशीन शेजारणीच्या सासऱ्यांचं होतं, पाऱ्याचं, लाकडी पेटीतलं. मुलीने विचारलं, "काकू, साध्या ड्रेसमध्ये आले तर चालेल?" मी म्हटलं, "छे, युनिफॉर्म पाहिजे. नाहीतर कळणार कसं?"

सगळ्या काळ्या साड्यांमध्ये ती एकटी पांढऱ्या कपड्यांत बसली होती. बाई आली की मी हळदकुंकू लावायचे, तिळगूळ द्यायचे, गाळणी द्यायचे आणि खांद्याला धरून तिच्यासमोर बसवायचे. आकडे लिहायला मी एक वही केली होती. वहीवर मोठ्या अक्षरात माझं नाव होतं. कोणी तिला गुडघ्याचं विचारलं, कोणी पित्ताचं. ती खाली बघून म्हणायची, "मी पहिल्या वर्षाला आहे, ते डॉक्टरांना विचारा." मला ते फारसं आवडलं नाही. तिने थोडंसं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला वाटलं.

शेवटी मी बसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आता माझं घे गं." तिने पट्टी बांधली, फुगवली, स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग परत मोजलं. मग दुसऱ्या हाताला बांधून मोजलं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुमचं जास्त आहे. उद्याच डॉक्टरांकडे जा."

"किती?" मी मोठ्याने विचारलं.

तिला सांगावंच लागलं. "वरचं एकशे नव्वद. खालचं एकशे दहा."

 मी हसले. म्हटलं, मशीन जुनं आहे. शेजारीण लगेच म्हणाली, "माझं आत्ता बरोबर आलं की." तिच्या सासऱ्यांचा अपमान झाला होता. मग मी म्हटलं, "मग हिला अजून येत नाही. लिही गं, एकशे तीस, ऐंशी."

मुलीने पेन वहीवर ठेवलं. "काकू, जे आलं तेच लिहीन."

आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. आज मला तो आवाज जसाच्या तसा आठवतो. पण त्या वेळी कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका बघत होत्या आणि मला चटका बसल्यासारखं झालं. मी वही मिटली. गोड बोलायला सांगत अख्खी दुपार तिळगूळ वाटला आणि जाताना त्या पोरीच्या हातावर एक दाणा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवाला आला तेव्हा मी फाटकापाशीच उभी होते. त्याला म्हटलं, "मुलीला शिस्त नाही. पुढच्या वर्षाचं तुमचं तुम्ही बघा." तो "बरं ताई" म्हणाला. त्यानंतरही रोज पुडी कडीला अडकवलेली असायची. आत फुलं नेहमीएवढीच असायची. मला ती कमी असावीत असं वाटायचं, म्हणजे रागवायला बरं झालं असतं.

भिशीत मी विषय काढला आणि निर्णय झाल्यासारखाच मांडला. सगळ्या माना हलवणार, एवढ्यात पोस्टात नोकरी करणारी, एरवी तोंड न उघडणारी एक म्हणाली, "आधी डॉक्टरकडून लिहून आणा, मुलीचं चुकलं होतं म्हणून. मग ठरवू." माना तिकडेच हलल्या. मी म्हटलं, आणते की.

इस्त्रीची साडी नेसून मी डॉक्टरकडे गेले. काय होतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मला काहीच होत नाही. एका मुलीने बीपी चुकीचं सांगितलं, तेवढं लेटरहेडवर लिहून द्या." त्यांनी मोजलं. परत मोजलं. मग दुसऱ्या हाताला पट्टी बांधली. हा क्रम मला ओळखीचा होता.

"मुलीने किती सांगितलं होतं?"

मी सांगितलं.

"आज त्याहून जास्त आहे. तुम्ही आत जाऊन आडव्या पडा. घरचा नंबर द्या."

दोन दिवस मला घरी सोडलं नाही. आमचे हे धावत आले, माझा चेहरा बघून त्यांच्या जिवात जीव आला, आणि मग त्यांनी विचारलं, "सर्टिफिकेट मिळालं का?"

त्या कॉटवर पडून मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. घरी आल्यावर मी भिशीतल्या सगळ्यांना बोलावून खरं ते सांगितलं. पोस्टवालीने फक्त वड्यांची ताटली माझ्यापासून लांब सरकवली. फुलवाल्याला निरोप द्यायला मी फाटकाशी गेले तर तो म्हणाला, "पोरगी घरी आली ताई, आठ दिस झाले. म्हनली, पुढं फी नाय तर आत्ताचं वरीस तरी कशाला." परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

मी त्याच दिवशी वही पिशवीत टाकून सायखेड्याची एसटी धरली. रस्ताभर माफीचं भाषण जुळवत होते. त्यात माझी चूक फार उशिरा येत होती आणि मशीनचा जुनेपणा फार लवकर.

ती ओसरीत झेंडू निवडत बसली होती. वडील ओट्यावर उभे राहिले. मी बसले, पाणी प्यायले, आणि भाषण काही आलं नाही. म्हटलं, "तुझं बरोबर होतं, डॉक्टरांनी गोळ्या लावल्या. माझं चुकलं. फी आम्ही भरणार आहोत, शेवटपर्यंत. परीक्षेला जा."

तिने हातातला झेंडू खाली ठेवला. उठून माझ्याजवळ आली, वडिलांचं घड्याळ मागून घेतलं आणि माझं मनगट धरून नाडी मोजत राहिली.

"काकू, सकाळची गोळी घेतली?"

"घेतली," मी म्हटलं.

एसटी चुकेल म्हणून मी घाईने निघाले होते, गोळी स्वयंपाकघरात ओट्यावरच राहिली होती. तिने माझा हात सोडला नाही. नुसती बघत राहिली. या वेळी बघायला दुसरं कोणी नव्हतं, तरी मला तिच्याकडे बघवेना.

"नाही घेतली," मी म्हटलं.

"नाव सांगा गोळीचं." मी सांगितलं. तिने वडिलांना सायकलवर मेडिकलला पाठवलं, मला अर्धी भाकरी खायला लावली आणि गोळी आल्यावर मी ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग मी पिशवीतून वही काढली. सगळ्या बायकांच्या नावांपुढे आकडे होते, शेवटच्या माझ्या नावापुढे तेवढी जागा रिकामी होती. तिने पेन मागितलं, वळणदार अक्षरात एकशे नव्वद लिहिलं, खाली रेघ मारून एकशे दहा लिहिलं, आणि हळदीकुंकवाची तारीख घातली.

मग ती आत गेली आणि माळ्यावरची बॅग खाली काढायला वडिलांना हाक मारली.