मुक्ताचा ताप

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच तुम्ही, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका.

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हाची गोष्ट. मुलुंडला आमचं वन रूम किचन आणि आम्ही तिघं. बायको मेधा बँकेत, तिला रोज जावंच लागायचं. मी घरून काम करणार आणि आमची मुक्ता, इयत्ता चौथी, घरून शिकणार. एका भिंतीला माझं ऑफिस, समोरच्या भिंतीला तिची शाळा. तिकडून साहेब विचारायचे, "रिपोर्टचं काय झालं?" आणि मागून हिचा प्रश्न यायचा, "बाबा, गांडुळाला डोळे असतात का?" एकदा तर साहेबांनीच उत्तर दिलं तिला. रिपोर्ट मात्र माझ्याकडेच मागितला.

अशात वर्गाच्या ग्रुपवर शाळेचा निरोप आला. सोमवारपासून चौथी सुरू करायचा विचार आहे, पालकांनी मत कळवावं. मला वाटलं, देव पावला. पण ग्रुपवर वेगळंच चाललं होतं. ओमची आई म्हणाली, "आमचा मास्क हनुवटीवर ठेवतो. वर्गात कोण बघणार?" कोणी म्हणालं, डबा खाताना काय करायचं? आणि वर्गाच्या सावंतबाई, त्या तर स्वतःच कात्रीत सापडलेल्या. त्यांनी सरळ लिहिलं, "मुलांशिवाय मला करमत नाही. पण घरी सासूबाई आहेत, त्यांना दमा आहे. मी काही घेऊन घरी गेले तर?"

खरं तर इथे माणसाने दोन मिनिटं थांबून विचार करायला हवा होता. मी कसला थांबतोय! पारडं 'नको'कडे झुकायला लागलं आणि नेमकं त्याच वेळी मुक्ताने माझ्या माऊसला फेव्हिकॉल लावला. का, तर वाळल्यावर फेव्हिकॉलचं साल निघतं का ते बघायला. माझं डोकं फिरलं. मी टाईप केलं, "बाई, काय वाट्टेल ते करा पण शाळा उघडा. मुक्ताचा ताप आता सहन होत नाही."

पाठवलं, फोन सायलेंटवर टाकला आणि मीटिंगला बसलो.

तुम्ही काय समजलात? कटकट, बरोबर? तुम्ही शहाणे आहात. पण त्या दिवसांत ताप म्हटलं की माणसाला एकच ताप आठवायचा. त्यात शनिवारी बाईंनी पुस्तकं द्यायला मुलांना शाळेत बोलावलं होतं, आणि इतक्या महिन्यांनी दिसल्या म्हणून आमची मुक्ता धावत जाऊन त्यांना बिलगली होती.

मीटिंग संपवून फोन बघतो तर ग्रुपवर पूर आलेला. "किती आहे?" "खोकला आहे का?" "सुंठ द्या." "शनिवारी आमचा ओम तिच्या मागेच उभा होता." "म्हणजे ताप असताना पोरीला शाळेत पाठवायला निघालेत हे?" "अशांमुळेच पसरतं." मी उत्तर लिहायला घेतो तोच बेल वाजली. दार उघडलं तर सोसायटीचे सेक्रेटरी, बेल दाबून अर्धा जिना खाली जाऊन उभे. ग्रुपवरून बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

"दार लावून घ्या आधी," ते खालूनच म्हणाले. "आणि कचरा बाहेर ठेवू नका."

त्यांच्या बाजूने वाट काढत मेधा वर आली. ग्रुप वाचून बँकेतून अर्ध्यावर निघाली होती, रिक्षाने. हातात थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल. "कुठंय ती?"

ती पलंगावर चिवडा खात होती. मेधाने तिला तोंडातला चिवडा काढायला लावून थर्मामीटर घातला.

"मेधा, अगं तो ताप नाही."

"मग कुठला?"

"डोक्याला ताप. म्हणजे कटकट."

मेधाने मुक्ताच्या तोंडातून थर्मामीटर काढला. "मी कॅश काउंटर बंद करून आलेय," एवढंच म्हणाली. तिने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मग बाईंना फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. "कशी आहे हो मुक्ता?"

"बाई, तुम्ही कशा आहात?"

"गॅलरीत बसलेय मघापासून. सासूबाई आत आहेत. दार लावून घेतलंय."

मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मुक्ताचे बाबा, एका शब्दाचे दोन अर्थ, हा धडा मी शिकवते. मुलांना येतो तो." आणि मग वेगळ्याच आवाजात, "रडले हो मी. सासूबाईंना काही झालं असतं तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ग्रुपवर हात जोडून माफी मागितली, पण जे 'हो' म्हणणार होते तेही बिचकले होते. सोमवार हुकला. मुक्ता घरीच, मी घरीच, आणि माऊस अजून चिकट.

शेवटी पुढच्या महिन्यात शाळा उघडली. मुक्ताला गेटवर सोडलं. ती मागे वळूनसुद्धा न बघता आत गेली. घरी आलो. घर शांत, साहेबही शांत. हेच हवं होतं ना मला? रिपोर्ट उघडला आणि वाटायला लागलं, मास्क नाकावर असेल ना तिचा? बाईंना फोन केला. आहे म्हणाल्या. मग वाटलं, डबा कोणाच्या बाजूला बसून खाल्ला असेल? परत केला. मग शिंकेचं विचारायचं राहिलं होतं, म्हणून परत.

त्यानंतर बाईंचा ग्रुपवर मेसेज आला. "सर्व मुलं छान आहेत. वर्ग चालू असताना कृपया फोन करू नयेत. सूचना एकाच पालकासाठी आहे, नाव लिहीत नाही."

त्याला पहिला अंगठा आला तो बँकेतून, मेधाचा.